दुसरा डोळा कशानं झाकतात, ते आधी बघा

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही, हे मार्चपर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो कधी धडपडला नाही, पुस्तक नाकाशी धरलं नाही, डोळा तिरळाही नव्हता. उजवा डोळा चांगला होता आणि सगळं काम तोच करत होता.

डिसेंबरात बालवाडीत डोळे तपासणीचं शिबिर झालं. मदतीला आलेल्या आयांमध्ये मीही होते. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता, समोर मुलांची रांग, आणि एक डोळा आपल्याच हातानं झाकायचा. मुलं बोटांच्या फटीतून बघत होती. मागच्यांना तर पुढच्यांचं ऐकून अक्षरं पाठच झाली होती. माझ्या मुलाच्या कार्डावर ‘नॉर्मल’ असा शिक्का पडला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, याचं आजही फार वाईट वाटतं.

मार्चमध्ये त्याच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली. पापणी एवढी सुजली की डोळा मिटूनच गेला. त्या संध्याकाळी तो टीव्हीसमोर गेला आणि शर्टाच्या टोकानं पडदा पुसायला लागला. पुसून झाल्यावर म्हणाला, “आई, टीव्ही अजून घाणच आहे.” मी शिवणाचं मशीन सोडून उठले. पडदा स्वच्छ होता.

रांजणवाडी बसल्यावर आम्ही कोल्हापुरातल्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या एका दवाखान्यात गेलो. त्यांच्या तपासणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण फरक तिथंच आहे.

तपासणाऱ्या मॅडमनी त्याला स्वतःच्या हातानं डोळा झाकू दिला नाही. चिकटपट्टीचा पॅच उजव्या डोळ्यावर लावला आणि नाकाच्या बाजूनं फट राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघितलं. पॅच लागताच तो रडायला आणि ओढायला लागला. डावा झाकला तेव्हा मात्र शांत बसला. मॅडम म्हणाल्या, “हे रडणंही आमच्यासाठी उत्तरच असतं.”

तक्त्यावर अक्षरं नव्हती. घर, सफरचंद, गोल आणि चौकोन एवढी चारच चित्रं. तीच चित्रं छापलेलं कार्ड मुलाच्या मांडीवर ठेवतात आणि तीन मीटरवरून जे दिसेल त्यावर बोट ठेवायला सांगतात. सफरचंदाला तो ‘बदाम’ म्हणाला, तेही त्यांनी चालवून घेतलं. याला ली चार्ट म्हणतात. फिनलंडच्या डोळ्यांच्या डॉक्टर ली ह्युव्हॅरिनेन यांनी १९७६ साली तो केला. धूसर दिसलं की चारही चित्रं गोलासारखीच वाटतात, म्हणून अंदाजानं उत्तर जमत नाही. डाव्या डोळ्यानं माझं लेकरू प्रत्येक चित्राला ‘गोल’ म्हणत राहिलं. मी मागं खुर्चीवर बसून ऐकत होते.

उजवा ६/९, डावा ६/३६. म्हणजे चांगल्या नजरेला छत्तीस मीटरवरून दिसतं ते डाव्याला सहा मीटरवर आल्यावर दिसायचं. वरच्या मोठ्या चित्रांमध्येही, एकेकटं दाखवलं की ओळखायचा आणि शेजारी दुसरी चित्रं आली की चुकायचा. आळशी डोळ्याची, म्हणजे मेंदू ज्याच्याकडे लक्ष देत नाही अशा डोळ्याची, ही खूण असते, असं मॅडम म्हणाल्या.

मग थेंब घातले. लहान मुलं डोळ्यांवर ताण देऊन जवळचा-लांबचा फरक भरून काढतात, त्यामुळे थेंबांशिवाय खरा नंबर सापडत नाही. बाहुली मोठी झाल्यावर डॉक्टरांनी अंधारात उजेडाची पट्टी डोळ्यावरून फिरवली आणि समोर एकेक भिंग धरून नंबर काढला. मुलाला काही विचारावं लागलं नाही. उजवा अधिक १, डावा अधिक साडेचार. डोळा आतून निरोगी होता. पण डावीकडून कायम पुसट चित्र येत असल्यानं मेंदूनं त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर चांगला फरक पडतो, पुढं अवघड होत जातं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून, कागदावर डोळा काढून सांगितलं. माझ्या नवऱ्यानं एकच गोष्ट तीनदा विचारली, तरी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे उत्तर दिलं.

कमी आहे ते पण सांगते. वेळ घेऊन गेलो तरी दोन तास थांबावं लागलं. थेंब चांगलेच झोंबतात आणि नंतर उजेड सहन होत नाही, हे आधी कुणी बोललं नाही. भर उन्हात गाडीवरून परत येताना पोरगं माझ्या पाठीत तोंड खुपसून रडत होतं. तुम्ही जाल तेव्हा टोपी न्या आणि सकाळची वेळ घ्या. तपासणीचे पाचशे रुपये आणि न फुटणाऱ्या काचांचा, मागून पट्टा असलेला चष्मा बावीसशेचा पडला.

ज्यांना हा खर्च जड आहे त्यांच्यासाठी: माझी जाऊ अंगणवाडी सेविका आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यात डोळेही बघतात आणि पुढचे उपचार मोफत असतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि जमलं तर स्वतः सोबत थांबा.

माझ्या मुलाला आधी काही आठवडे नुसता चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पॅच. पहिले आठ दिवस घरात रोज रडारड झाली. मग मी त्याला माझ्या डब्यातली बटणं दिली. पॅच लावून तो माझ्या मशीनशेजारी बसतो आणि रंगाप्रमाणे दोऱ्यात ओवतो. सुरुवातीला फक्त कोटाची मोठी बटणं जमायची, आता शर्टाची ओवतो. चार महिन्यांनी डावा डोळा ६/१२ वर आलाय.

भावंडांनाही तपासायला सांगितलं होतं, म्हणून मागच्या वेळी धाकटीला नेलं. ती पावणेदोन वर्षांची, चित्रं कुठून ओळखणार? तिला माझ्या मांडीवर बसवून मीटरभर अंतरावरून कॅमेऱ्यासारखं यंत्र धरलं. ते चिवचिवलं, तिनं वळून बघितलं, तेवढ्यात झालं. तिचे दोन्ही डोळे सारखे आहेत.