स्पीकर लाइनवर लक्ष: इम्पिडन्स मोजायचा की टोकाला मॉड्यूल लावायचं?

इमारतीत सूचना देणाऱ्या स्पीकरच्या लाइनमध्ये बिघाड झाला की तो आपोआप कळावा, यासाठी दोन पद्धती आहेत: अँप्लिफायरने लाइनचा इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मोजायचा, किंवा लाइनच्या शेवटच्या टोकाला तपासणीचं मॉड्यूल लावायचं. १०० व्होल्टच्या लाइनवर ६ वॅटचे २० स्पीकर असतील तर भार १२० वॅट, म्हणजे इम्पिडन्स साधारण ८३ ओम. त्यातला एक सुटला की तो ८८ ओमच्या आसपास जातो. फरक जेमतेम ५ टक्के. अँप्लिफायरमध्ये मर्यादा १० टक्क्यांवर ठेवली असेल तर तो स्पीकर गेल्याचं कुणालाच कळणार नाही. दोन गेले तरच इशारा येईल. म्हणून इम्पिडन्स मोजण्याची पद्धत मला छोट्या झोनसाठीच, म्हणजे कमी स्पीकर असलेल्या भागासाठीच, भरवशाची वाटते. तिथे लाइनवर वेगळं काही बसवावं लागत नाही, शॉर्टही पकडला जातो. मात्र सगळे स्पीकर जोडून, त्यांचे टॅप (स्पीकर किती वॅटवर चालवायचा याची जोडणी) नक्की करून मगच संदर्भमूल्य, म्हणजे पुढे तुलनेसाठी लागणारा मूळ इम्पिडन्स, साठवा. नंतर एकाचा जरी टॅप बदलला, तरी पुन्हा मोजणी करायलाच हवी.

टोकाचं मॉड्यूल फक्त लाइन शेवटपर्यंत शाबूत आहे का, एवढंच बघतं. लांबलचक कॉरिडॉरमध्ये केबल तुटली की ते लगेच सांगतं. पण मधलाच एखादा स्पीकर बंद पडला तर गप्प राहतं, आणि लाइनला फाटे असतील तर प्रत्येक फाट्याला वेगळं लागतं.

रुग्णालयात आगीची सूचना याच स्पीकरवरून जाणार असेल, तर मी दोन्ही लावायला सांगेन.