बाटलीतला पास्ता सॉस बेचव निघाला, तर साखर, लोणी, सोडा की परतलेली पेस्ट?

पास्ता शिजत आलाय, सॉसची बाटली उघडलीय आणि पहिलाच चमचा आंबटढाण लागला, की बहुतेकांचा हात साखरेच्या डब्याकडे जातो. जरा थांबा, आधी बाटलीवरची घटकांची यादी वाचा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिल्या तीन-चार नावांत पाणी, टोमॅटो पेस्ट आणि साखर दिसली, तर साखर त्यात आधीच भरपूर आहे. यादीत 330 हा आकडा असेल तर ते वरून घातलेलं सायट्रिक आम्ल, आणि 1442 असेल तर दाटपणासाठी घातलेला स्टार्च. अशा सॉसमध्ये आणखी साखर घालून आंबटपणा जात नाही, फक्त झाकला जातो आणि चव केचपकडे झुकते. म्हणून माझ्या यादीत साखर शेवटची. घालायचीच तर घरी केलेल्या बिनसाखरेच्या सॉसमध्ये चिमूटभर घाला.

आंबटपणावर खरी निवड लोणी आणि खायचा सोडा यांच्यात आहे. सोडा आम्लाशी थेट भिडतो. घातल्या घातल्या सॉसवर फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल खरोखरच कमी होतं. पण हात सैल सुटला तर सॉसला साबणासारखी चव येते, आणि ती मग काही केल्या जात नाही. 400 ग्रॅमच्या बाटलीला चहाच्या चमच्याचा आठवा भाग पुरतो. ढवळा, फेस बसू द्या, चाखा, मगच आणखी घालायचा विचार करा. लोण्याने आम्ल कमी होत नाही, जिभेला लागणारी त्याची धार तेवढी बोथट होते. सॉस थोडासाच आंबट असेल तर गॅस बंद करून लोण्याचा एक तुकडा घोळवा, पुरे. दात आंबतील इतका आंबट असेल तर आधी सोडा, मग लोणी. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

पण बाटलीतल्या सॉसचं सगळ्यात मोठं दुखणं आंबटपणा नसतं, कच्ची, पातळ, खोली नसलेली चव असते. सॉसमध्ये पाणी असेपर्यंत तो साधारण 100 अंशांच्या वर तापत नाही, त्यामुळे नुसता उकळत ठेवून त्याला परतल्याची चव येत नाही. ती तेलातच येते. म्हणून बाटली ओतण्याआधी कढईत 2 मोठे चमचे तेल घ्या, बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर अगदी मऊ होऊ द्या, मग लसूण आणि 2 मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घाला. वाटण परततो तशीच ती परतायची. चार-पाच मिनिटांत लालभडक रंग विटकरी होतो, कच्चा वास जातो आणि कडेने तेल सुटायला लागतं. सुका ओरेगानो याच तेलात पडायला हवा. शेवटी वरून भुरभुरला तर त्याचा कचरा दाताखाली येतो. आता सॉस ओता, बाटली पास्त्याच्या पाण्याने विसळून तेही घाला आणि पंधरा मिनिटं मंद उकळा. एकच उपाय करायचा असेल, तर हाच करा.

ताजं बेझिल मात्र अगदी शेवटी. ते नाही म्हणून अंगणातली तुळस घालू नका, तिचा लवंगेसारखा वास सॉसवर चढून बसतो.

चीजच्या बाबतीत शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवावं: इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. हिरवा ठिपका असलेलं मुरवलेलं कडक चीज शोधा. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबने खारटपणा आणि चिकटपणा येतो, खोली फारशी येत नाही. त्यापेक्षा चांगले तांबूस परतलेले बटण मशरूम कितीतरी सरस.

सॉस खारट किंवा फार गोड असेल तर साधी, बिनमिठाची टोमॅटो प्युरी मिसळून पातळ करणं, एवढाच मार्ग आहे. खारट सॉसमध्ये बटाटा टाकून उपयोग नाही. बटाटा मिठाबरोबर पाणीही शोषतो, खारटपणा तसाच राहतो. क्रीम घालून पिंक सॉस करता येतो, मुलांना आवडतोही, पण त्यात दोष लपतो, सुटत नाही. क्रीमऐवजी दूध ओतलंत तर आंबट सॉसमध्ये फाटण्याची भीती.

मग ताज्या टोमॅटोचाच का करू नये? जरूर करा, पण टोमॅटो झाडावर पिकलेले, लालबुंद असतील तेव्हा. बाजारातले बरेच संकरित वाण लांबच्या प्रवासात टिकावेत म्हणून टणक आणि जाड सालीचे असतात, त्यांचा सॉस आटवायला पाऊण तास तरी मोडतो. खुद्द इटलीतही वर्षभर डब्यातले सोललेले टोमॅटो किंवा बाटलीतली गाळलेली प्युरी सर्रास वापरतात. घरात आहे ती बाटली सुधारून संपवा, आणि पुढच्या खेपेला तयार पास्ता सॉसऐवजी यादीत फक्त टोमॅटो, फार तर मीठ असलेली प्युरी आणा. वर सांगितलेली कांदा-पेस्टची कृती तिच्यावरही तशीच चालते, आणि साखर किती घालायची हे तुमच्या हातात राहतं.