ओढ्याचा काठ: काँक्रीट, गॅबियन की वाळ्याचा उतार?

सोसायटीमागचा ओढा दर पावसाळ्यात काठ खातोय आणि यंदा काहीतरी करायचंच ठरलंय, तर आधी टेप घेऊन रुंदी मोजा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

तळाशी 6 मीटर रुंद, 3 मीटर खोल ओढा धरू. उभ्या भिंती आणि काँक्रीटचा तळ केला तर 6 मीटरमध्ये भागतं. 1:2 उताराचे (1 मीटर उंचीला 2 मीटर आडवे) मातीचे काठ केले की वरची रुंदी 18 मीटर होते, पाण्याला जागा दुप्पट मिळते. तरीही हे पात्र काँक्रीटच्या जेमतेम तीन चतुर्थांश पाणी नेतं, कारण गवताझुडपांचा खडबडीतपणा हिशेबात 0.045 धरावा लागतो आणि काँक्रीटचा 0.015. उतार 1:3, रुंदी 24 मीटर केली की दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. एवढी जागा न देता नुसती हिरवळ दाखवणारा आराखडा पाणी घरात आणेल.

मग भिंतच का नको? ती पूर वेगाने खालच्या वस्तीवर ढकलते. पाझर भोकं बुजली की मागची चिंब माती तिला रेटते, आणि पायथा खरवडला गेला की अख्खी भिंत कलंडते. मातीच्या काठाचा मात्र ढासळला तेवढाच तुकडा दुरुस्त होतो. शिवाय खंड्याला बिळासाठी मातीचाच काठ लागतो.

गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, हा अरुंद जागेचा मधला मार्ग. जाळीमागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) नसेल तर माती दगडांतून वाहून जाते आणि वरचा रस्ता खचतो. सांडपाण्यात तार लवकर गंजते.

जागा असेल तर आमचं मत उताराच्या बाजूने. फेब्रुवारीत काठाची माती कापून उतार द्या, पायथ्याला मोठे दगड रुतवा, वर काथ्याची जाळी खुंट्यांनी ताणून बसवा. वाळ्याचे ठोंब आडव्या ओळीत 10 ते 15 सेंटिमीटरवर लावा, दोन ओळींत साधारण 1 मीटर उंचीचं अंतर ठेवा. पाण्यालगत वाळुंजाच्या ताज्या फांद्या खोचा. जूनपर्यंत पाणी घालायलाच हवं. मे महिन्याच्या शेवटी लावलेला वाळा पहिल्याच लोंढ्यात मुळासकट निघतो, कारण मुळांनी माती धरलेलीच नसते.

सिंगापूरला बिशान-आंग मो किओ पार्कात 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा तोडून 3.2 किलोमीटरची वळणदार नदी केली, 2012 मध्ये. जमलं, कारण शेजारी पसरायला बाग होती. आपल्याकडे ती जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, आत शोधा. आणि तिथे पार्किंग असेल तर वाटाघाटीला सुरुवात तिथूनच करा.