घाटकोपर ते अंधेरी: गाडी की मेट्रो?
गाडीने निघालात की साकीनाक्याला अडकणं ठरलेलंच. क्लच-ब्रेक दाबून पाय भरून येतो, पोचल्यावर पार्किंग शोधायचं ते वेगळंच. मेट्रो-१ आली २०१४ मध्ये. वर्सोवा ते घाटकोपर १२ स्थानकं, सुमारे ११ किलोमीटर, आणि सिग्नल लागला म्हणून उशीर, हा प्रकारच नाही. घाटकोपरला लोकलमधून उतरलं की पुलावरूनच मेट्रोत जाता येतं. संध्याकाळी गर्दी फार, हे खरं. पण पोचायची वेळ पक्की.

आजारी आईवडील सोबत असतील तर गाडीच बरी. रोजच्यासाठी मात्र मी मेट्रोच धरते. उतरून दहा मिनिटं चालते, वाटेत भाजी घेते, ओळखीची माणसं भेटतात. फुटपाथ मोकळे असते तर आणखी कितीतरी जण चालले असते.