काडीदार की गोलदाणा: दूरच्या टार्गेटसाठी रायफलची पावडर निवडताना

स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्या नेमबाजाला एकदा एखादी पावडर (काडतुसात भरायची दारू) मानवली की ती बदलण्याचा विचारही नकोसा वाटतो, आणि त्यात चूक काहीच नाही. तरीही तापमानाचा परिणाम जवळजवळ होऊ न देणारी म्हणून नव्याने आलेली गोल दाण्याची पावडर पाहिल्यावर माझाही मोह आवरला नाही. गेले दोन हंगाम एकाच रायफलमध्ये, त्याच केसेस (काडतुसांची पितळी कवचे), तोच प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टोपी) आणि तीच बुलेट ठेवून मी माझी जुनी काडीदार, म्हणजे बारीक काड्यांच्या आकाराच्या दाण्यांची पावडर आणि ही नवी गोलदाणा पावडर आलटून पालटून वापरली. किती ग्रेन (पावडर तोलण्याचे लहान वजनमाप) भरले हे मी मुद्दाम लिहीत नाही. तो आकडा उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावा आणि तक्त्यातील सर्वांत कमी भरापासूनच (एका काडतुसातल्या पावडरीच्या वजनापासून) सुरुवात करावी. दुसऱ्याच्या रायफलमध्ये चाललेला भर आपल्या रायफलमध्ये चालेलच, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

भरण्याच्या सोयीत नवी पावडर उजवी आहे, आणि थोडीथोडकी नव्हे. काडीदार पावडर मेजरमधून (हँडल फिरवले की ठरावीक पावडर पाडणाऱ्या मापयंत्रातून) पाडताना मध्येच हँडल अडते, हाताला कचकन काहीतरी तुटल्याचे जाणवते आणि पुढचा भर हमखास वेगळा येतो. मेजरच्या फिरत्या ड्रमच्या कडेत सापडलेली काडी कापली गेलेली असते. म्हणून आम्ही मंडळी थोडी कमी पावडर पाडून उरलेली तराजूवर काडी-काडीने पूर्ण करतो. एका काडीचे वजन ग्रेनच्या साधारण दोन शतांशाइतके, म्हणजे ग्रेनच्या एक दशांशात जेमतेम पाचएक काड्या. ट्रिकलर (पावडर थोडीथोडी पाडणारी नळी) हलक्या हाताने फिरवावा तर काहीच पडत नाही, आणि पडते तेव्हा तीन काड्या एकमेकींना बिलगून एकदम पडतात. मग काटा पुढे जातो, चिमट्याने एक काडी उचलावी लागते. साठ काडतुसे भरायला मला पूर्ण संध्याकाळ लागते. नवी पावडर मात्र बारीक वाळूसारखी वाहते. मेजरमधून पाडलेले वीस भर मी सलग तोलले, तेव्हा तराजूला त्यांत फरक जवळपास सापडलाच नाही. प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला कोरड्या हवेत चारदोन दाणे चिकटून राहतात आणि सैल बसलेल्या ड्रमच्या फटीतून थोडी भुकटी टेबलावर सांडते, एवढीच काय ती कुरबुर.

क्रोनोग्राफवरचे (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे मी पाहिले, पण त्यांवर फार भिस्त ठेवली नाही. एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत वेगात पडणारा फरक दोन्ही पावडरींत माझ्या हाती जवळपास सारखाच आला. शिवाय दहा बारांवर काढलेले प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरतो त्याचे माप) आपण समजतो तितके पक्के नसते. ते चार आले, तर खरे विचलन सुमारे तीन ते सात यांच्यामध्ये कुठेही असू शकते. पाच बारांवरून निर्णय घेणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

आता जिथे माझे घोडे अडले, त्या मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी दाण्याच्या घडणीबद्दल थोडे सांगावे लागेल. काडीदार दाण्याला मधून आरपार छिद्र असते. काडी जळताना बाहेरून बारीक होत जाते, पण त्याच वेळी आतले छिद्र रुंदावते, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. गोल दाण्याचे तसे नाही. १९३३ च्या सुमारास फ्रेड ओल्सेन यांनी ही पद्धत काढली, ती कारखान्यात झटपट आणि तुलनेने सुरक्षितपणे पावडर बनवता यावी म्हणून. तिचा मूळ गुण आजही उत्पादनाच्या आणि भरण्याच्या सोयीचाच आहे. भरीव गोल दाणा जळत जातो तसा त्याचा पृष्ठभाग आकसतो. म्हणून सुरुवातीचा जाळ मंद ठेवण्यासाठी दाण्यात वरून मंदक मुरवावा लागतो, आणि जळण्याची सगळी शिस्त बरीचशी त्या मंदकावर अवलंबून राहते. उन्हाळ्यात आणि थंडीत वेग बदलण्याची गोलदाणा पावडरीबद्दलची जुनी तक्रार इथूनच येते. नव्या पावडरीत या बाबतीत खरोखर सुधारणा आहे, हे मान्य करायला हवे. थंड सकाळी आणि तापल्या दुपारी मी तिची काडतुसे सावलीत ठेवून मारली, तेव्हा गोळ्या जुन्या पावडरीइतक्याच नाही, पण त्याच्या जवळपास जाऊन बसल्या.

अडचण वेगळ्या ठिकाणी निघाली. सहाशे मीटरवर झोपून मारताना वारा बघत थांबावे लागते. झेंडे पडलेले असतात, मृगजळाची लहर एका बाजूला वाहत असते, आपण काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) घालून ती लहर पुन्हा आपल्या मनासारखी होण्याची वाट पाहतो. दहा-बारा बार झाल्यावर नळी हात लावू नये इतकी तापलेली असते, आणि ते काडतूस त्या तापल्या चेंबरमध्ये कधी वीस सेकंद, कधी मिनिटभर बसून राहते. पहिल्या हंगामात माझी दर सामन्यात एखादी तरी गोळी बरोबर बाराच्या काट्यावर, ग्रुपच्या (बाकीच्या छिद्रांच्या पुंजक्याच्या) वर चार बोटे जाऊन बसत असे. डावी-उजवी चूक अजिबात नाही, फक्त उंच. मी आधी मृगजळाला दोष दिला, मग गालाच्या टेकणीला, मग स्वतःच्या श्वासाला. स्कोअरबुकात प्रत्येक बारापुढे थांबल्याचा वेळ लिहायला लागलो तेव्हा कुठे उलगडा झाला की, उंच गेलेली प्रत्येक गोळी बराच वेळ थांबून मारलेली होती.

मग एक ओबडधोबड चाचणी केली. नळी दहा बारांनी तापवून घेतली, त्यानंतर एक काडतूस घातल्याबरोबर मारायचे आणि पुढचे घड्याळ लावून मिनिटभर चेंबरमध्ये ठेवून मारायचे, असे आलटून पालटून पाच-पाच बार केले. नव्या पावडरीचा कागद पाहिला तर एकावर एक असे दोन ग्रुप उभे होते, आणि वरचा ग्रुप थांबलेल्या काडतुसांचा होता. जुन्या काडीदार पावडरीच्या कागदावर मात्र दहाही छिद्रे एकमेकांत मिसळलेली होती. कोणते कुठले हे मला सांगता आले नाही. ही काही प्रयोगशाळा नव्हे, रायफल एक आणि नेमबाजही एकच, त्यामुळे दुसऱ्या कोणाला थोडे वेगळे दिसू शकेल. पण सहाशे मीटरवर सेकंदाला दहाएक मीटरने वेग वाढला, तरी गोळी चार बोटे वर जायला तेवढे पुरते. माझ्या कागदावरचे अंतर त्याच्याशी बरेच जुळत होते.

यावर अनुभवी मंडळींचे उत्तर ठरलेले असते: वारा जुळल्यावरच काडतूस चेंबरमध्ये घाला. सल्ला चांगला आहे आणि मी तो मनापासून पाळून पाहिला. पण मनासारखा वारा चार-पाच सेकंद टिकतो. तेवढ्यात कोपर हलवून काडतूस घालायचे, बोल्ट लोटायचा, गाल पुन्हा त्याच जागी टेकवायचा आणि श्वास सोडायचा, तोवर झेंडा फिरलेला असतो. मला वाट पाहताना स्थिर पडून राहायचे असते, आणि पावडरीने मला घाई करावी हे काही केल्या पटत नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. गोलदाणा पावडर घट्ट असल्याने केसमध्ये वर मोकळी जागा राहते, पेट घ्यायला ती थोडी जड असते आणि पुष्कळदा तिला मॅग्नम (जास्त जोरदार) प्रायमर सुचवलेला असतो. प्रायमर बदलला तर भर पुन्हा खालूनच चढवत न्यावा लागतो, हे विसरू नये. नळीत काजळी माझ्या मते किंचित जास्त धरते. तांब्याचा थर कमी बसावा म्हणून हल्ली अनेक पावडरींत बिस्मथ किंवा कथिलाची संयुगे घालतात. नव्या पावडरीत ती आहेत आणि नळी पुसण्याच्या पॅचवर तांब्याचा निळा रंग कमी येतो, एवढे तिचे श्रेय. उष्णतेला न बधणाऱ्या नावाजलेल्या काडीदार पावडरींपैकी बऱ्याच ऑस्ट्रेलियातील मुलवाला इथल्या एकाच कारखान्यातून येतात, त्यामुळे माल आटला की सगळ्यांचा एकदम आटतो. काडीदार पावडर घ्यायची तर एकाच लॉटचे दोन डबे एकदम घ्यावेत. लॉट बदलला की माझा भर आजवर तसाच्या तसा कधी जुळलेला नाही.

तेव्हा जो शंभर-दोनशे मीटरवर मारतो, वेळेच्या बंधनात सलग बार करतो, किंवा ज्याला महिन्याला काही शे काडतुसे लागतात, त्याने नवी पावडर जरूर घेऊन पाहावी. चेंबरमधली ती उब त्याच्या अनुभवाला बहुधा येणारच नाही आणि त्याच्या संध्याकाळी वाचतील. दूरवर, वारा बघत, नळी तापवत मारणाऱ्याने मात्र बदलण्याआधी मिनिटभर थांबण्याची ती चाचणी स्वतःच्या रायफलमध्ये एकदा करून घ्यावी असे मला वाटते. माझ्याकडे नव्या पावडरीचा अर्धा डबा अजून आहे आणि दोनशे मीटरच्या सरावाची काडतुसे मी त्यातूनच भरतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो डबा झाकण लावून कपाटात जातो, कारण टेबलावर एका वेळी एकच पावडर असावी हा नियम मी मोडत नाही, आणि मग चिमटा व तराजू काढून मी पुन्हा काड्या मोजायला बसतो.