शेजाऱ्यांच्या विजेचे आकडे बघायला अवर वर्ल्ड इन डेटा, दोन आठवडे वापरून झालं

पोरीला अकरावीला भूगोलाचा प्रोजेक्ट आला, भारत आणि शेजारच्या देशांचं वीज उत्पादन, म्हणून साताऱ्यात रोज रात्री जेवणं झाली की दोघं ही साइट उघडून बसायचो. फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, मोबाईलवर पण चालते, देश निवडायचे, वर्षांची पट्टी सरकवायची की आलेख तयार.

फक्त एक ऐका, आधी एकूण उत्पादनाचा आलेख लावू नका. २०२४ चा चीन १०,००० टेरावॅट अवरच्या आसपास, आपण २,००० च्या आसपास, आणि नेपाळ, भूतान, श्रीलंका पार तळाला चिकटलेले, काय कळणार त्यातनं! (एक टेरावॅट अवर म्हणजे आपल्या बिलातली १०० कोटी युनिट.) माणशी उत्पादन लावा, मग भूतान एकदम वर जातो, चीनच्या पण वर. त्यानंतर कशापासून वीज बनते तो आलेख, तो तर मला सगळ्यात आवडला. आपल्याकडं अजून चारातली तीन युनिट कोळशाची, बांगलादेशात गॅसचा वाटा उतरतोय आणि कोळसा वाढतोय, नेपाळ भूतान जवळजवळ सगळं पाण्यावर.

आम्ही मूळचे पाटणचे, त्यामुळं पाण्याच्या विजेचं जरा जास्त वाटतं. कोयनेचे १,९६० मेगावॅट उभे आहेत ते शिवाजीसागरात पाणी साठवून ठेवता येतं म्हणून, पावसाळ्यातलं पाणी एप्रिलला कामाला येतं. नेपाळचे बरेचसे प्रकल्प वाहत्या नदीवर, साठा नाहीच, मग पावसाळ्यात भारताला वीज विकायची आणि थंडीत नदी आटली की भारताकडूनच घ्यायची. वर्षाच्या आकड्यात हे सगळं गडप होतं, रेषा नुसती वर चढलेली दिसते. पोरीला म्हणलं हे वेगळं लिही, सरांना पण आवडेल.

पाकिस्तानचं पण तसंच, तिथं लोकांनी २०२४ ला घराघरावर, शेतावर एवढी सोलर पॅनेल बसवली की ग्रिडची मागणीच कमी झाली, पण छतावर बनून तिथंच वापरलेली वीज सरकारी मोजणीत नीट येत नाही. त्यामुळं ती रेषा बघून तिथं विजेचा वापर थांबला असं लिहू नका.

साइट मराठीत नाही, देशांची आणि इंधनांची नावं पोरीनं हातानं मराठीत लिहून चार्टपेपरवर आलेख काढले. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.