मस्कतची सुलतान काबूस मशीद : झुंबराआधी ओवऱ्या बघा

ओमानच्या राजधानीला, मस्कतला, निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते की ग्रँड मॉस्कला, म्हणजे सुलतान काबूस मशिदीला, सकाळी आठच्या ठोक्याला पोहोचा, आणि आत शिरल्या शिरल्या झुंबराकडे धावू नका. मुस्लिमेतर पाहुण्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा एवढाच वेळ मिळतो, शुक्रवारी प्रवेशच नाही. आम्ही ज्या टूरवाल्यांबरोबर गेलो होतो त्यांनी गाडी सव्वादहाला दारात उभी केली आणि पाऊण तासात परत या म्हणाले. सहा वर्षं खपून उभारलेली इमारत पाऊण तासात कशी बघायची? माझे धाकटे दीर तिथेच नोकरीला आहेत. त्यांना माझी चिडचिड दिसली असावी. म्हणाले, "वहिनी, उद्या परत जाऊ. ऑफिसला जाता जाता सोडतो तुम्हाला." त्यांच्यामुळे मला ही मशीद नीट बघता आली.

माझं काम जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं. कुठेही गेले की माझी नजर आधी सांध्यांवर जाते. या मशिदीसाठी सुमारे 3 लाख टन सँडस्टोन वापरला आहे आणि तो भारतातून नेलेला आहे. ओमानचे तेव्हाचे सुलतान काबूस यांनी 1992 मध्ये मशीद बांधायचं ठरवलं, पुढच्या वर्षी आराखड्यांची स्पर्धा झाली, मग काम सुरू झालं आणि मे 2001 मध्ये मशीद खुली झाली. आराखडा मूळचे इराकचे वास्तुविशारद मोहम्मद मकिया आणि क्वाड डिझाइन ही वास्तुसंस्था यांचा.

एवढा दगड एका रंगात मिळणं अशक्यच. सँडस्टोनमध्ये गुलाबी, पिवळट, राखाडी अशा छटा येतातच. साइटवर तो नुसता आला तसा लावत गेलं की भिंतीला ठिगळं दिसायला लागतात. इथे मी मुद्दाम भिंतीला गाल लावून लांबवर पाहिलं. रंग हळूहळू बदलत जातो, कुठे एकदम तुटत नाही. म्हणजे कुणीतरी दगड निवडून, जुळवून लावून घेतला आहे. सांधे बारीक आहेत आणि ओळ लांबपर्यंत सरळ जाते. सकाळचं तिरपं ऊन पडलं की भिंतीतला जरासा उंचसखलपणाही सावली टाकून चुगली करतो. मला तशी सावली कुठे सापडली नाही. अशा कामामागे किती पाथरवटांचे हात असतील, या विचाराने मला भरून आलं.

आता ओवऱ्या. मुख्य दालनाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला लांबच लांब कमानींच्या ओवऱ्या आहेत. त्यांच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि त्यांत इस्लामी जगातल्या वेगवेगळ्या परंपरांची सजावट आहे. उस्मानी (तुर्कस्तानची), ममलुक (इजिप्तची), मगरिबी (मोरोक्कोकडची), मध्य आशियाई, आपली मुघल, सगळं एका फेरीत बघायला मिळतं. इथे नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघा. उस्मानी पद्धतीत आधी फरशीवर फुलं-पानं रंगवतात, वर पारदर्शक झिलई देऊन भाजतात. चित्र फरशीच्या चौकोनात असतं आणि दोन फरश्यांची रेघ फुलातून आरपार जाते. मगरिबी झेलीजमध्ये, म्हणजे फरशीच्या तुकड्यांच्या नक्षीत, रंगवणं नाहीच. एकेका रंगाच्या झिलईदार फरश्या हातोडीने फोडून, घासून तारे, पाकळ्या, पट्ट्या असे तुकडे करतात, ते पालथे मांडतात आणि मागून गिलावा ओततात. नक्षी काय जमली ते पॅनल उलटल्यावरच कळतं. हे दोन्ही प्रकार एकाच ओवरीच्या ओळीत, ऊन नसलेल्या जागी, निवांत बघायला मिळणं हीच माझ्या मते या मशिदीची खरी कमाई. आणि टूरवाले नेमके इथूनच घाईघाईने पुढे नेतात!

मुख्य दालन 74.4 मीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे, वर जमिनीपासून 50 मीटर उंच जाणारा घुमट. तो बाहेरून सोनेरी जाळीचा आहे. झुंबर 14 मीटर उंच. गालिचा इराणमध्ये विणला, चार वर्षं लागली. 170 कोटी गाठी, 21 टन वजन. पुढे अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीतला गालिचा याहून मोठा झाला, पण म्हणून याचं विणकाम काही कमी ठरत नाही. माझी खंत एवढीच की पाहुण्यांना निळ्या पट्टीवरूनच चालावं लागतं आणि मधला भाग लांबूनच बघावा लागतो. गालिचा टिकायचा तर ते हवंच, हेही पटतं. झुंबराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे : ते भव्य आहे, पण सगळी नजर स्वतःकडे ओढून घेतं. त्याच्या दोन्ही बाजूंचं लाकडी छत बघायला विसरू नका. ओमानी किल्ल्यांमधल्या रंगवलेल्या छतांच्या वळणावर ते बेतलेलं आहे आणि आख्ख्या दालनात या मातीचं सगळ्यात जास्त काही असेल तर तेच.

बायकांचं नमाज दालन वेगळं आहे, सुमारे 750 जणींसाठी. मुख्य दालनात साडेसहा हजार मावतात. बायकांचं दालनही बघा, तिथे गर्दी नसते.

कपड्यांचा नियम कडक आहे. बायकांनी डोकं, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकायचे, पुरुषांनी पूर्ण पँट. पातळ ओढणी सारखी घसरते, सुती मोठा स्टोल न्या. दालनात शिरताना बूट काढायचे असतात, तेव्हा सहज निघणारे घाला. अंगणातल्या संगमरवरावर नऊनंतर डोळे दिपतात, गॉगल जवळ हवा. निघताना माहिती केंद्रात कहवा आणि खजूर मिळाले. तिथल्या बाईंना मी ओवऱ्यांबद्दल विचारलं, तर त्या आनंदाने उठून माझ्याबरोबर परत कोनाड्यांपर्यंत आल्या.

पाचपैकी पाच. आठ ते साडेनऊ ओवऱ्या आणि बाहेरचा दगड, मग दालन, असा क्रम ठेवा. टूर घेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच विचारा, गाडी मशिदीच्या दारात किती वाजता पोहोचते. नऊनंतर म्हणाले तर स्वतःची टॅक्सी करा.